उशाकडची फळी

१

बोटीच्या आतल्या फळ्या बदलायच्या म्हटलं की गिऱ्हाईक पहिला प्रश्न रंगाचा विचारतं. हा फिका बरा दिसेल की तो गडद? अरे बाबा, रंगाचं नंतर बघू. आधी मला विचार की फळीच्या मागे काय असतं. घराच्या भिंतीमागे दुसरी खोली असते, नाहीतर शेजारी असतो. बोटीतल्या फळीमागे चार बोटं मोकळी जागा असते, मग बोटीची बरगडी, मग बाहेरचं लाकूड, आणि त्यापलीकडे पाणी. त्या चार बोटांच्या जागेतून वारा खेळला पाहिजे. म्हणून प्रत्येक फळीच्या वर आणि खाली बोटभर फट सोडायची. कितीही वाईट दिसली तरी ती बुजवायची नाही. हे मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलोय, आणि गेली अकरा वर्षं सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वखारीतच होतो, प्लायवूडच्या थप्पीवर टेकून वखारवाल्याशी वाद घालत.

"भावजी, ठकी येतेय बाळाला घेऊन," वहिनी म्हणाल्या. ठकी म्हणजे माझी पुतणी. तिच्या नवऱ्याला दोन वर्षांसाठी परदेशी काम मिळालं होतं, आणि बाळ तीन महिन्यांचं. "आता इथं बोटीवरच राहणार आहे, माझ्याजवळ. पण बोटीची अवस्था बघवत नाही हो. फळ्या फुगल्यात, पॉलिश सुटलंय. ती यायच्या आत बदलून द्याल का सगळ्या?"

"कधी येतेय?"

"तीन आठवड्यांनी."

"होऊन जाईल," मी म्हटलं. घरचं काम, नाही कसं म्हणणार? पण मग आठवलं. सगळ्या फळ्या म्हणजे तीही.

"सगळ्या म्हणजे," वहिनी जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या उशाकडची राहू दे. ती चांगली आहे. तिला हात लावू नका."

ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. का राहू दे, असं विचारायला हवं होतं. बाई सगळं घर नवं करतेय आणि एक जुनी फळी ठेवा म्हणतेय, तर कोणताही सुतार विचारेल. मी नाही विचारलं. उलट म्हटलं, "हो हो, ती चांगलीच आहे." फोन ठेवला तेव्हा माझ्या तोंडावर हसू होतं. वखारवाल्याने विचारलं, लॉटरी लागली की काय. तेव्हा कुठे माझी मला लाज वाटली.

२

एकदाचं सांगून टाकतो.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तीस वर्षं त्याने फेरीबोटीवर इंजिन सांभाळलं, आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी मालवाहू बोट घेऊन ती धक्क्याला कायमची बांधली. म्हणाला, आता हेच घर. आतलं सगळं लाकूडकाम माझ्याकडे दिलं. मला तो "सुतारसाहेब" म्हणायचा. आमच्या घरात कुणाची काही चूक झाली की दादा ती मरेपर्यंत विसरू द्यायचा नाही, दहा माणसांत मीठमसाला लावून सांगायचा. प्रेमानेच सांगायचा, पण सांगायचा.

बोटीची डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींच्या उलट असतात. एका बाजूच्या फळीच्या मापाचा कागदी फर्मा काढला की दुसऱ्या बाजूसाठी तो पालथा घालून कापायचा. हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी वीस वर्षांचा अनुभव घेऊन फर्मा पालथा घालायला विसरलो. डाव्या बाजूच्या दोन फळ्या कापल्या आणि उजवीकडची एकही नाही. फळीला सागाचा पापुद्रा एकाच अंगाला होता, त्यामुळे उलटवूनही लावता येईना. आणि तो सागाच्या प्लायचा शेवटचा तक्ता होता. दुसरा यायला बारा दिवस लागणार होते, आणि दादाने परवाच्या वास्तुशांतीला पन्नास माणसं जेवायला बोलावून ठेवली होती.

दादाला सांगितलं असतं तर काय झालं असतं? हसला असता, एवढंच. पन्नास जणांसमोर हसला असता. मला ते हसणं नको होतं.

आवारात एका यंत्राचं खोकं पडलं होतं, हलक्या प्लायवूडचं. चहाचा डाग पडला तरी फुगेल असला माल. त्यातून मी ती फळी कापली, रंगवली, बारीक ब्रशने तिच्यावर सागाच्या रेषा काढल्या, वर पॉलिशचे तीन हात दिले. समोरून ओळखू येईना. पण अशा फळीची कड लगेच चुगली करते, थर दिसतात. म्हणून मी वर-खाली पट्ट्या मारल्या, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, आणि फट पार बुजवून टाकली. बाकी सगळ्या फळ्यांना फट, फक्त त्या एकीला नाही. ती पलंगाच्या उशाला आली.

दादाने तिच्यावरून हात फिरवला. "सगळ्यांत झकास ही जमलीय, सुतारसाहेब. इथंच डोकं ठेवणार मी."

नऊ वर्षं त्याने तिथं डोकं ठेवलं. मग खोकला सुरू झाला. मोठ्या डॉक्टरांनी छातीचे फोटो बघितले, म्हणाले फुफ्फुसात बुरशी धरलीय. "झोपता तिथं ओल आहे का?" त्यांनी विचारलं. दादाच्या तोंडावर मास्क होता, त्याला बोलता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "छे हो डॉक्टर. काम मी स्वतः केलंय. ओलीचं नाव नाही."

दादाने माझ्या हातावर थोपटलं, भाऊ माझा म्हणून. चार महिन्यांनी तो गेला. त्याला आता दोन वर्षं झाली. फळीमुळेच गेला असं कुणी म्हटलेलं नाही. तीस वर्षं इंजिनाचा धूर खाल्लेला माणूस. त्या धुरावर मी दोन वर्षं काढलीत.

३

दुसऱ्या दिवशी नमुने घेऊन बोटीवर गेलो. वीतभर वीतभर चार तुकडे: सागाचा पापुद्रा लावलेलं मरीन प्लाय, लॅमिनेट, देवदाराची फळी, आणि हल्ली सगळे मागतात ते पांढरं पीव्हीसी.

वहिनींनी पीव्हीसीवर टिचकी मारली. "ही? बादलीत झोपल्यासारखं वाटेल हो."

"पण पाणी पीत नाही. शंभर वर्षं तशीच राहील."

"शंभर वर्षं कुणाला राहायचंय इथं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. दादा गेल्यापासून त्या वाळल्या होत्या, पण जीभ तशीच धारदार होती. मला ते बघून बरं वाटलं.

माझी पद्धत अशी की माल आधी त्या जागेला विचारायचा. एक जुनी फळी काढतो, मागच्या पोकळीत नमुने दोरीने लटकवतो, फळी परत टेकवतो आणि आठ दिवस विसरून जातो. कोणता फुगला, कोणता वाकला, कुणाला डाग आला हे बघूनच मग निवडतो. तुकड्यांची वजनं वहिनींच्या स्वयंपाकाच्या काट्यावर केली आणि पेन्सिलीने प्रत्येकाच्या पाठीवर लिहिली. पलंगाच्या पायथ्याकडची फळी काढली. आतली पोकळी सलग आहे, पायथ्यापासून थेट उशापर्यंत. विजेरी मारली. पायथ्याकडच्या बरगड्या ठणठणीत होत्या. उशाच्या बाजूला मी विजेरी वळवलीच नाही.

तुकडे अडकवताना माझा हात जरा आत, उशाच्या दिशेने गेला असेल.

"तिकडे नका हात घालू," वहिनी मागून म्हणाल्या. चहाचे कप घेऊन कधी आल्या कळलंच नाही.

"नाही घालत."

चहा पिताना मी सहज विचारलं, बाळ कुठे झोपणार?

"माझ्याजवळ. भिंतीकडून घेईन त्याला, म्हणजे पडायची भीती नाही."

भिंतीकडून म्हणजे त्या फळीला नाक लावून. तीन महिन्यांचं पोर. मी कप खाली ठेवला. सांगायची वेळ तीच होती. जिभेवर आलं होतं, शपथ घेऊन सांगतो. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अकरा वर्षं झाकलेली मूठ उघडायची तर बोटंही उघडत नाहीत. मी म्हटलं, "चहा छान झालाय." तिथून निघालो.

४

आठ दिवसांनी परत गेलो. उन्हाळा एवढा की डेकवर अनवाणी पाय टेकवेना. चारही तुकडे काढून टेबलावर मांडले.

चारहींवर डाग होता. गोल, ओला, वाटीच्या तोंडाएवढा.

बोटीत ओल धरते ती कशी, हे मी झोपेतही सांगेन. बाहेर गार पाणी, आत गरम हवा, म्हणून थेंब धरतात ते बाहेरच्या बाजूला, पाण्याकडच्या. या चारही तुकड्यांची पाण्याकडची बाजू कोरडी होती. डाग होते ते खोलीकडच्या बाजूला. म्हणजे तुकडा आणि फळीची पाठ यांच्या मधे जी दोन बोटं जागा उरते, तिथून ही ओल आली होती. तिथं काही मावत नाही. तिथं पालसुद्धा अंग चोरून जाईल.

शिवाय कडक उन्हाळा. गार काय आहे इथं?

पीव्हीसीवर तर बारीक बारीक थेंब होते. आरशासमोर तोंड उघडून हा केलं की धरतात तसे. मी ते फडक्याने पुसले आणि तुकडा काट्यावर ठेवला. पाठीवर लिहिलेलं वजन दोनशे बारा. काटा दाखवत होता दोनशे तीस. प्लास्टिक पाणी पीत नाही हो. मी काटा तपासायला साखरेचा अर्धा किलोचा न फोडलेला पुडा ठेवला. बरोबर पाचशे.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काटा जरा हलका-जड दाखवतोय."

"काटा ठीक आहे." त्यांनी तो ओला तुकडा उचलला, डागावर अंगठा ठेवला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग माझ्या हातात दिला. चेहऱ्यावर काही नव्हतं. "सागाचं लावा," म्हणाल्या. "त्यांना आवडायचा साग."

येताना वखारीत गेलो. वखारवाल्याला सांगितलं, पण सगळं नाही. तो म्हणाला, "लाकूड श्वास घेतं म्हणतात ना, त्यातलाच प्रकार."

"पीव्हीसी कसला श्वास घेतंय!"

"मग तू घेतला असशील. अडकवताना तोंड आत घालून बसला असशील, सवयच आहे तुझी." तो खो खो हसला. "जा, दोन दिवस सुट्टी काढ. तोंड बघ आरशात, मढ्यासारखं झालंय."

त्याचं म्हणणं मी धरून ठेवलं. मीच श्वास घेतला असेन. आठ दिवसांपूर्वी घेतलेला श्वास तुकड्यांवर आठ दिवस टिकला असेल. माणूस घाबरला की कशावरही विश्वास ठेवतो, आणि अपराधी असला की त्याहून जास्त.

५

काम सुरू झालं. साग मिळाला, फर्मे काढले. या वेळी प्रत्येक फर्म्यावर मोठ्या अक्षरांत डावा-उजवा लिहिलं, दोन्ही अंगांना. हात दाखवून अवलक्षण पुन्हा नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी समोरच्या बाजूला, जमिनीवर बसून फळीची कड घासत होतो. जेवणं झाली होती. वहिनी पलंगावर आडव्या झाल्या होत्या, त्यांची पाठ उशाकडच्या फळीला अगदी चिकटलेली. त्यांना झोप लागली. मी आवाज नको म्हणून पॉलिशपेपर खाली ठेवला.

वहिनींचा श्वास ऐकू येत होता. हलका, थोडी शीळ घातल्यासारखा.

आणि आणखी एक येत होता.

आधी वाटलं पाणी. बोट धक्क्याला घासते, पाणी खालून चपचप करतं, बोटीत शांतता अशी नसतेच. पण पाण्याचा आवाज मला आईच्या आवाजाइतका ओळखीचा आहे. तो आत घेतला जात नाही. हा घेतला जात होता. जड, ओढून आणलेला, मधे किंचित अडकणारा, मग सोडलेला. शेवटच्या चार महिन्यांत दवाखान्याच्या खाटेशेजारी बसून मी तो रोज मोजलाय. मिनिटाला बावीस. आताही मोजायला लागलो, आणि मोजतोय हे लक्षात आल्यावर थांबलो.

मुद्दाम ताठ बसून स्वतःशी तर्क केला. हे पोकळीतलं वारं आहे. पायथ्याची फळी काढलेली आहे, तिथून आत शिरतं आणि उशाकडची फट बुजवलेली असल्यामुळे बाहेर पडायला जागा नाही. म्हणून आत-बाहेर करतं. अगदी शास्त्रशुद्ध. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं. तेवढ्यात वहिनी झोपेतच "हं" म्हणाल्या. कुणी काही विचारल्यावर म्हणतात तसं. थोडं थांबून पुन्हा, "हं. झोपा आता."

मी उठलो नाही, हललो नाही. तासाभराने त्या उठल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही इथंच? मला वाटलं गेलात."

"वहिनी, तुम्हाला इथं झोप लागते नीट?"

"इथंच लागते." त्या पदर ओढून घेत म्हणाल्या. "ते गेल्यावर सहा महिने डोळ्याला डोळा नव्हता. मग एकदा अशी पाठ टेकवली, त्यांच्या बाजूला. तेव्हापासून लागते." माझ्याकडे न बघता त्यांनी चादरीची घडी केली. "तुम्हाला ऐकू आलं का काही?"

"नाही," मी म्हटलं.

हा नकार देताना मला जराही कष्ट पडले नाहीत. याची मला अजून लाज वाटते.

६

ठकी यायच्या दोन दिवस आधी पायथ्याची फळी तेवढी राहिली होती. ती एकदा लावली की पोकळी बंद, आणि मग मी मोकळा. वहिनी बाजारात बाळासाठी दुपटी आणायला गेल्या होत्या. सकाळचे अकरा वाजलेले, झडपेतून ऊन सरळ पलंगावर आलेलं. घाबरण्यासारखी वेळ नव्हती.

माझ्याकडे एक आरसा आहे. दाढीचा, गोल, लांब काठीला बांधलेला. जिथं डोकं जात नाही तिथं तो घालून बघायचं. मला फक्त उशाकडची बरगडी बघायची होती. ती कोरडी असली तर गप्प बसायला हरकत नाही, असं ठरवलं होतं. म्हणजे गप्प बसायला परवानगी काढायला मी आरसा घातला होता, खरं बोलायचं तर.

एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी. खांद्यापर्यंत हात आत घातला. आरशात काळं दिसलं. बरगडी काळी पडली होती, तिच्यावर मऊ केसाळ थर. त्या खोक्याच्या फळीची पाठही तशीच. मला अकरा वर्षं माहीत होतं की ती अशीच असणार.

आरसा धूसर झाला.

बाहेर काढला, शर्टाला पुसला, परत घातला. पुन्हा धूसर. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, नाकातोंडावर कोपर दाबून, म्हणजे माझा श्वास नाही हे तरी पक्कं व्हावं.

दोन क्षण आरसा स्वच्छ राहिला. फळीच्या पाठीवर एका ठिकाणी तो काळा थर नव्हता. उशीला डोक्याने पडतो तसा खळगा होता, गुळगुळीत. आणि त्या खळग्यात एक कान होता. फळीला लावलेला. पलीकडच्या खोलीत काय बोलतात ते नीट ऐकू यावं म्हणून माणूस भिंतीला लावतो तसा दाबून लावलेला. पाळीवर पांढरे केस.

मग आरसा धूसर झाला, आणि या वेळी मी तो पुसला नाही.

काठी आतच राहिली. मी डेकवर उन्हात येऊन बसलो, हात मांड्यांमधे दाबून. शेजारच्या बोटीवरचा रंगारी म्हणाला, काय हो, चक्कर आली का. मी म्हटलं, हो, ऊन लागलं. मनात एकच चाललं होतं. कान होता. डोळा नव्हता, हात नव्हता, कान होता. या तीन आठवड्यांत त्या खोलीत मी काय काय बोललो ते सगळं आठवायला लागलं. नाही घालत तिकडे हात. चहा छान झालाय. काटा हलका-जड दाखवतोय. नाही, मला काही ऐकू आलं नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीती नंतर वाटली.

७

वहिनी दुपटी घेऊन आल्या. फिकी पिवळी, बारीक फुलांची. पलंगावर बाळाची छोटी गादी घातली, फळीला अगदी लावून, आणि तिच्यावर दुपटं पसरून सुरकुत्या काढत बसल्या. "ठकीला सांगितलंय, उद्याच निघ म्हणून. परवाची वाट कशाला बघायची? तुमचं काय राहिलंय?"

पायथ्याची फळी माझ्या हातात होती. आठ स्क्रू, दहा मिनिटांचं काम. मी ती खाली ठेवली.

"वहिनी, बाळाला तिथं झोपवू नका."

"का?"

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. फळीकडे बघून बोललो. म्हटलं, ती फळी सागाची नाही. खोक्याची आहे. मी फर्मा पालथा घालायला विसरलो, एकाच बाजूच्या दोन कापल्या, आणि दादा हसेल म्हणून सांगितलं नाही. कड दिसू नये म्हणून फट बुजवली. मागे सगळी बुरशी आहे. नऊ वर्षं तो त्यात श्वास घेत होता.

श्वास सुरू होता. दिवसाढवळ्या, दोघांच्या देखत. वहिनींचा दुपट्यावरचा हात थांबला होता, त्याही ऐकत होत्या. मी बोलत गेलो तसा तो सावकाश होत गेला. अडकणं गेलं, ओढणं गेलं. खूप दिवसांनी बरं वाटलेल्या माणसासारखा झाला.

"आणि डॉक्टरांनी विचारलं होतं," मी म्हटलं. "ओल आहे का, असं सरळ विचारलं होतं. तेव्हा काहीतरी करता आलं असतं. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्या तोंडावर नाही म्हणालो. दादा, मी खोटं बोललो. चुकलं माझं. माझ्यामुळे झालं रे."

एक लांब श्वास सुटला, पार शेवटपर्यंत. मी पुढच्याची वाट बघितली.

पुढचा आलाच नाही. खाली पाणी चपचप करत होतं, बोट धक्क्याला घासत होती. खोली इतकी रिकामी मी कधी ऐकली नव्हती. आणि मला हलकं वाटलं. लपवत नाही, अकरा वर्षांत पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, अगदी रडू येईल इतकं हलकं. मग मी वहिनींकडे बघितलं.

त्या गुडघ्यांवर उठल्या होत्या. दोन्ही तळवे आणि कान फळीला लावले होते. "अहो," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, "अहो." नखांनी फळीवर खाजवल्यासारखं केलं. "अहो, ऐकलंत का? मी आहे."

कितीतरी वेळ त्या तशाच होत्या. बाळाची गादी त्यांच्या गुडघ्याखाली चुरगळली होती.

"वहिनी," मी म्हटलं. "मला वाटलं, त्याला हेच ऐकायचं होतं."

"हो ना. तेच ऐकायला थांबले होते." त्यांनी कान काढला नाही. आवाज शांत होता, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला वाटायचं माझ्यासाठी थांबलेत. दीड वर्ष रोज बोलत होते मी त्यांच्याशी. ठकीला मुलगा झाला तेही सांगितलं."

मी पायथ्याची फळी उचलून भिंतीला टेकवून ठेवली.

"दवाखान्यात त्यांनी प्राण सोडले तेव्हा मी औषधं आणायला खाली गेले होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच होतात जवळ. आजही तुमचंच ऐकून गेले, भावजी. मी एवढी इथं बसलेय, मला येतो म्हणूनसुद्धा सांगितलं नाही."

ऊन पलंगावरून सरकून जमिनीवर आलं होतं.

"काढा ती," त्या म्हणाल्या. "पोर यायचंय उद्या."

मी पटाशी घेतली. पण वहिनी फळीपासून बाजूला होईनात, आणि मला त्यांना सरका म्हणवेना. शेवटी त्यांच्या खांद्यावरून हात घालून मी वरची पट्टी सोडवायला लागलो.